कमीत कमी तीन महिने

मेघा उमाटेचा सिनेमा शुक्रवारी वर्ध्याच्या टॉकीजला लागला आणि रविवारी सकाळी तिच्याच फोनवर आला. पाठवणारा तिचा मावसभाऊ होता. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘ताई, पूर्ण पिक्चर पाह्यला. एक नंबर!’ बिचारा मनापासून कौतुक करत होता.

मेघा आंजीच्या घरी ओट्यावर चहा पीत होती. तिनं व्हिडिओ उघडला. समोर लोकांची डोकी, त्यांच्यावर तिरपा पडदा, आणि विहिरीतून यावा तसा आवाज. कोणीतरी कुरमुऱ्याची पिशवी फोडत होतं, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. पहाटेच्या पाखरांचा आवाज मिळावा म्हणून तिनं आठ-आठ दिवस शेतात रात्री काढल्या होत्या. त्या पाखरांच्या जागी नुसती खरखर होती.

तिनं चहाची कपबशी अंगणात भिरकावली. आतून तिचे वडील अण्णाजी धावत आले.

“काय झालं वं?”

“मेला सिनेमा,” मेघा म्हणाली. “कोणीतरी टॉकीजमंदी बसून मारून टाकला.”

मेघा वर्ध्याच्या एका शाळेत नाटक शिकवायची. बिनपगारी रजा घेऊन तिनं हा सिनेमा केला होता. गावोगावच्या बायका गोळा केल्या, त्यांची तालीम घेतली, त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू दिलं. तीन वर्षं गेली त्यात. पैसा प्रफुल्ल देवतळेनं लावला. त्याची कापसाची जिनिंग होती, आणि सिनेमाचे सगळे हक्क त्याच्या कंपनीच्या नावावर होते. टॉकीजवाल्यानं दिवसाला एकच खेळ दिला होता. शनिवारी तो अर्ध्याहून जास्त भरला, तेव्हा मेघा दाराशी उभी राहून रडली होती.

सोमवारी आत दहा-बारा माणसं होती. मॅनेजर खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, उद्यापासून काढून घ्यावा लागते. पानठेल्यावर पोट्टे फोनमंदी पाहून राह्यले. तिकीट कोण काढीन?”

मेघा आणि प्रफुल्ल तिथूनच पोलीस ठाण्यात गेले. प्रफुल्लनं वकिलाला विचारून ठेवलं होतं.

“आता कायदा कडक झाला,” गाडी चालवता चालवता तो सांगत होता. “टॉकीजमंदी रेकॉर्डिंग केलं तर कमीत कमी तीन महिने जेल, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड तीन लाखाच्या खाली नाईच.”

“तीन वर्षंच द्या म्हना त्याले,” मेघा म्हणाली. “माही तीन गेली, त्याचीबी जाऊ दे.”

ठाण्याबाहेर एका स्थानिक पेपरचा बातमीदार भेटला. त्यालाही तिनं तेच सांगितलं, वर आणखी म्हणाली, “असल्या लोकांचे हात तोडले पाहिजेत.” दुसऱ्या दिवशी तिच्या फोटोखाली हेच वाक्य मोठ्या अक्षरात छापून आलं. तिनं ते वाचलं आणि तिला बरं वाटलं.

चोर सापडायला वेळ लागला नाही. प्रिंटमध्ये दडवलेल्या खुणेवरून टॉकीज आणि खेळ कळला. हॉलमधल्या कॅमेऱ्यात मागून दुसऱ्या रांगेत एक तरुण छातीशी फोन धरून बसलेला दिसला. तिकीट त्यानं स्वतःच्या नंबरवरूनच काढलं होतं. गुरुवारी दुपारी ठाणेदारांचा फोन आला, “मॅडम, आणला त्याले. सेलूच्या मैदानावर धावत होता.”

मेघा एकटीच निघाली. त्याच्या तोंडावर काय काय बोलायचं ते तिनं रस्ताभर जुळवलं होतं.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. डोळ्यांवर दवाखान्यातला मोठा काळा चष्मा, पायात रबरी चपला. मेघा तिच्यासमोरून पुढे गेली आणि थांबली. ती सुंदराबाई इवनाते होती. केळझरच्या मागच्या टेकडीपलीकडे, जंगलाला लागून पंधरा-वीस घरांची गोंडांची वस्ती आहे, तिथली. सिनेमातल्या बाळंतपणाच्या प्रसंगात ती सुईण झाली होती. तीनच वाक्यं होती तिला, तीही गोंडीत. पण नागपूरला पाहुण्यांसाठीच्या पहिल्या खेळानंतर लोकांनी विचारलं ते तिच्याबद्दलच.

“मावशी, तुमी अथी?” मेघा म्हणाली. “डोळ्याले काय झालं?”

“मोतीबिंदू काढला, सेवाग्रामले,” सुंदराबाई म्हणाली. तिनं आवाजावरून ओळखलं होतं, पण ती जागची उठली नाही. “माह्या पोराले धरून आणलं.”

“काऊन?”

आतून शिपाई बाहेर आला. “या मॅडम. हाच तो तुमचा चोर. अमर इवनाते.”

अमर तेवीस वर्षांचा होता. अंगात धावायचे कपडे, पायात बूट, बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या. मेघानं त्याला शूटिंगच्या वेळी पाहिलं होतं, आईला सायकलवर आणून सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. रस्त्यात जुळवलेलं सगळं बोलणं ती विसरली. मग एकदम बाहेर पडलं ते ओरडणंच.

“काऊन केलं रे असं? तुले माहीत होतं ना आमी कसा केला तो सिनेमा? पाह्यलं होतं ना तू?”

“मायसाठी केलं, ताई.” तो भिंतीकडे पाहत बोलत होता. “तिचं आपरेशन झालं होतं. डॉक्टरनं सांगतलं, महिनाभर गर्दीत, धुरात न्याचं नाई. अन् टॉकीजवाला म्हने गुरुवारी पिक्चर उतरते. मंग तिनं पाह्यचा कधी?”

“तिचा तेवढा तुकडा घ्याचा होता!”

“तिनंच म्हटलं, माहा तुकडा पाहून काय करू? मले कहाणी पाह्यची हाय. त्या पोरीचं पुढं काय होते ते पाह्यचं हाय.”

“अन् मंग जगाले वाटला?”

“मी नाई वाटला!” अमरचा आवाज पहिल्यांदा चढला. “घरी फोनवर तिले दिसेना. सेलूच्या मुकेशच्या दुकानात पेनड्राइव्हमंदी टाकून घ्याले गेलतो, शेजारच्याईच्या टीव्हीवर लावाले. त्यानं आपल्याकडं ठेवून घेतला अन् रात्री सोडून देल्ला. मले दुसऱ्या दिवशी मैदानावर पोट्ट्यांनी दाखवलं.”

“मले फोन करता येत नव्हता तुले?”

“केल्ता ताई. दोनदा. तुमी उचलला नाई.”

सिनेमा लागायच्या आठवड्यात तिनं अनोळखी नंबर उचलणं बंद केलं होतं. ती तरातरा बाहेर आली. तिचा राग गेला नव्हता. आता तो कुठे न्यायचा ते तिला कळत नव्हतं.

व्हरांड्यात सुंदराबाई उभी राहिली होती.

“विचारलं ना पोराले? आता मी तुले विचारतो. नागपूरच्या पहिल्या खेळाले मले काऊन नाई बोलावलं?”

“मावशी, पाहुण्याईले जागा कमी पडल्या. मी प्रफुल्लभाऊले सांगतलं होतं. मंग ठरवलं, तुमाले वर्ध्याले सोबत घेऊन...”

“माहं तोंड पडद्यावर चालते, खुर्चीवर चालत नाई.”

हे लागलं, म्हणून मेघा जास्तच भडकली. “म्हून चोरी कराची? त्या सिनेमात तुमी एकट्याच हाय का? चाळीस बाया हाय! सगळ्याईच्या मेहनतीचं पाणी केलं तुमच्या पोरानं. टॉकीजमंदी ‘रेकॉर्डिंग करू नये’ असा एवढा मोठा फलक लावला हाय, वाचता येत नाई त्याले?”

“येते वाचता. बारावी झाला तो. चुकला.” सुंदराबाई एक पाऊल पुढे आली. “मार त्याले. मी धरतो, तू मार. माह्यासमोर मार, मी एक शब्द बोलणार नाई. पण जेलात काऊन टाकतं? त्याची वनरक्षकाची भरती हाय. लेखी पास झाला, पुढच्या पंधरवड्यात धावणं हाय. वर्षभर पहाटे उठून धावून राह्यलं माहं लेकरू. अन् तू पेपरात म्हनतं हात तोडा.”

शिपायानं “आवाज कमी करा” म्हटलं.

मेघा परत आत गेली, सरळ ठाणेदारांच्या टेबलाशी. “साहेब, मला तक्रार मागे घ्यायची आहे.”

ठाणेदार वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं. “मॅडम, गुन्हा दाखल झाला. दखलपात्र, अजामीनपात्र. आता ही भानगड तुमच्यात अन् त्याच्यात राह्यली नाई, सरकार अन् त्याच्यात आहे. तुम्ही आता फक्त साक्षीदार.”

“पण नुकसान माझं झालं!”

“हो. म्हणून तर तुमची साक्ष महत्त्वाची.”

“आणि तो दुकानदार? जगभर त्यानं पसरवला.”

“पाहतो ना. त्याला बोलावतो.”

बोलावलंही असेल. पण त्याच संध्याकाळी मेघा सेलूला मुकेशच्या दुकानात गेली, तेव्हा तो मजेत एका फोनला काच चिकटवत बसला होता. भिंतीवर रंगीत कव्हरं, टेबलावर जुना काँप्युटर. मेघानं गिऱ्हाईक असल्यासारखं विचारलं, “नवा वऱ्हाडी पिक्चर भेटीन का?”

“कोणता, तो बायाईचा? कार्ड आना, टाकून देतो.”

“मी केला तो पिक्चर.”

मुकेशनं मान वर केली. घाबरला नाही, जरा ओशाळला फक्त. “मॅडम, सगळेच टाकते. मी नाई टाकला तर दुसरा टाकीन. अन् माह्याकडं काई नाई आता, काँप्युटर कालच साफ केला.”

“अमर जेलात बसून राह्यला तुह्यापायी.”

“त्यानं रेकॉर्डिंग कराले नोको होतं,” मुकेश म्हणाला आणि पुन्हा काच चिकटवू लागला.

मेघानं टेबलावरची कव्हरं हातानं खाली ढकलली. दोन-चार गिऱ्हाईकं गोळा झाली. कोणीतरी फोन काढून तिचंच रेकॉर्डिंग करू लागलं. ती तशीच बाहेर पडली. ठाणेदारांना तिनं फोन करून दुकानातलं सगळं सांगितलं. पुढे मुकेशचा काँप्युटर जप्तही झाला, पण त्यात काही निघालं नाही, आणि इंटरनेटवरच्या ज्या चॅनेलवर सिनेमा चढला ते परदेशातून चालतं असं पोलिसांना पत्र आलं. मुकेशवर काहीच सिद्ध झालं नाही. धरण्यासारखा एकच माणूस होता, ज्यानं स्वतःच्या नावानं तिकीट काढलं होतं आणि विचारल्याबरोबर खरं सांगितलं होतं.

राहिला प्रफुल्ल. हक्क त्याच्या कंपनीचे होते. तो वकिलामार्फत कोर्टात म्हणाला असता की आमची काही हरकत नाही, पोराला सोडा, तर जामिनाला तरी बळ आलं असतं. मेघा त्याच्या जिनिंगवर गेली. आत सरकीचा वास आणि मशीनचा धडधडाट होता, म्हणून दोघं फाटकाबाहेर बोलले.

“मी नाई म्हणणार,” प्रफुल्ल म्हणाला. “मले सुंदराबाईचं वाईट वाटते. पण मेघा, तू आठवून पाह्य. आपल्यासारखे किती लोक गावात सिनेमे कराले निघाले अन् पहिल्याच हप्त्यात बुडाले. कोणाचा चोर कधी सापडला? आपला सापडला. आज सोडून देल्ला तर उद्या प्रत्येक जण म्हणीन, मायसाठी केलं, बायकोसाठी केलं.”

“अमरनं खरंच मायसाठी केलं.”

“मायसाठी केलं म्हून सिनेमा वापस येते का?”

सिनेमा परत येणार नव्हता. प्रफुल्लचं नुकसान खोटं नव्हतं, तिचंही नव्हतं. “त्याले शिक्षा नोको असं मी म्हनत नाई,” ती म्हणाली. “दंड करा. माफी मागाले लावा. गावोगाव आपल्या खेळाची तिकिटं विकाले लावा वर्षभर. पण जेल? ज्यानं धंदा केला तो दुकानात बसला हाय अन् हा आत!”

“कायदा मी केला का?”

“वापरून तर तूच राह्यला.”

“तूच म्हटलं होतं, तीन वर्षं द्या.”

“हो, म्हटलं होतं! रागात म्हटलं होतं. रागात माणूस काईबी बोलते. कायद्यानं रागात बोलाचं असते का?”

प्रफुल्लनं फाटक लावून घेतलं.

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. सरकारी वकील म्हणाले, नवा कायदा आहे, संसदेनं मुद्दाम कडक केला आहे, जिल्ह्यातलं पहिलंच प्रकरण आहे, चुकीचा संदेश जाईल. अमरच्या बाजूनं मोफत विधिसेवेचा एक तरुण वकील, धनंजय कुमरे, उभा होता. त्यानं भरतीचं प्रवेशपत्र दाखवलं. कोर्टानं ऐकलं नाही, म्हणून जिल्हा कोर्टात अर्ज लागला आणि तिथं पुढची तारीख मिळाली. त्या मधल्या दिवसांतच वनरक्षक भरतीची धाव झाली. पहाटे पाचला मैदानावर पोरांचे नंबर पुकारले, त्यात अमरचाही पुकारला असेल. तो वर्धा जेलच्या बराकीत होता.

मग जिल्हा कोर्टानं जामीन दिला. जामीनदार हवा होता, ज्याच्या नावावर शेत किंवा घर आहे असा. वस्तीतल्या लोकांच्या जमिनी वनहक्काच्या, त्यांचे कागद कोर्टातल्या बाबूला पटेनात. सुंदराबाईचा भाऊ जंगू दोन दिवस तहसील आणि कोर्टाच्या मध्ये फिरत होता. धनंजयनं मेघाला हे फोनवर सहज सांगितलं. त्यानं मागितलं काही नव्हतं.

मेघा अण्णाजींसमोर जाऊन बसली. “बाबा, सातबारा पायजे.”

“कायले?”

तिनं सांगितलं. अण्णाजी कडाडले, “ज्यानं तुहं घर बुडवलं त्याच्यासाठी माहं शेत गहाण टाकू? डोकं फिरलं काय तुहं? लोक काय म्हनतीन?”

“गहाण नाई बाबा, नुसता जामीन. तो पळणार नाई.”

“पळो न पळो! आधी फिर्याद तू द्याची, मंग जामीन बी तूच व्हाचा. हा काय खेळ हाय?”

“खेळ नाई म्हूनच आली. मी तोंडानं त्याले आत टाकलं. आता तोंडानं निघत नाई तो.”

अण्णाजी उठून शेतात निघून गेले. संध्याकाळी आले, जेवले, आणि सकाळी कोर्टात जायला सदरा इस्त्रीला टाका म्हणाले. वर हेही म्हणाले की हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या बाबूनं कागद पाहिले, नावं पाहिली आणि चष्म्यावरून विचारलं, “उमाटे? फिर्यादी बी उमाटेच दिसते.”

“माही पोरगी,” अण्णाजी म्हणाले. “शिक्का मारा.”

अमर सुटला. जेलच्या दारात त्यानं अण्णाजींच्या पायाला हात लावला. मेघाकडे पाहून नुसती मान हलवली. तो बारीक झाला होता.

“पुढच्या वर्षी भरती निघन,” मेघा म्हणाली.

“निघन,” अमर म्हणाला. “फारमात लिहाचं असते, गुन्हा दाखल हाय का. हो लिहिलं तर घेत नाई. नाई लिहिलं तर तो दुसरा गुन्हा.” मग पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. “ताई, मले माफी नाई पायजे. मी फलक वाचला होता, अन् वाचून रेकॉर्डिंग केलं. माही चूक जेवढी हाय तेवढी मले द्या. पण ही चूक एवढी मोठी हाय का, तुमीच सांगा. आमच्या वस्तीत एकानं दारू पिऊन बायकोचा हात मोडला, तो त्याच दिवशी घरी आला. माह्यासंगं बराकीत गाडीखाली माणूस चिरडलेला एक जण होता, तो माह्या आधी सुटला.”

मेघानं गाडीचं दार उघडून धरलं.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. तोवर प्रफुल्लनं सिनेमा एका मोबाईल अॅपला विकून टाकला. त्यानं दुसऱ्या सिनेमासाठी मेघाला दोनदा निरोप पाठवला, तिनं दोन्हीदा नाही म्हटलं. ती शाळेत परत रुजू झाली होती. मधल्या काळात ती वस्तीवर एकदा सिनेमा घेऊन गेली, पडदा, मशीन सगळं घेऊन. वस्तीतले लोक बसले. सुंदराबाई घराबाहेर आली नाही. “ज्या सिनेमानं माहं लेकरू आत टाकलं तो मी पाहू?” असा तिनं जंगूच्या तोंडी निरोप दिला. मेघाला त्याचाही राग आला, आणि घरी जाताना तो राग चुकीचा आहे असं म्हणायचंही तिला जमलं नाही.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी विचारलं, “हा चित्रपट तुम्ही दिग्दर्शित केला?”

“हो.”

“आरोपीनं केलेलं चित्रीकरण तुम्ही पाहिलं. ते याच चित्रपटाचं आहे?”

“हो.”

“तुम्ही किंवा निर्मात्यांनी आरोपीला लेखी परवानगी दिली होती?”

आदल्या रात्री ती झोपली नव्हती. खोटं बोलावं का, हा विचार तिनं शंभर वेळा करून पाहिला होता. पण परवानगी लेखी लागत होती, कंपनीची लागत होती, आणि प्रफुल्ल तिच्यानंतरचा साक्षीदार होता. खोटं बोलून ती स्वतः अडकली असती, अमर सुटला नसता.

“नाही,” ती म्हणाली. “पण साहेब, मला अजून सांगायचं आहे. त्यानं विकण्यासाठी...”

“विचारलं तेवढंच सांगा,” न्यायाधीश म्हणाले. आवाज शांत होता. ते दिवसभरात अशी वीस-पंचवीस प्रकरणं चालवत होते.

धनंजयनं उलटतपासणीत तिच्याकडून काढता येईल तेवढं काढलं: आरोपीची आई सिनेमात आहे, तिची शस्त्रक्रिया झाली होती, आरोपीनं पैसे घेतल्याचं तिला माहीत नाही. हे सगळं टाइप झालं. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी ते वाचूनही दाखवलं. मग म्हणाले की कायदा हेतू विचारत नाही, परवानगी विचारतो. आरोपी दोषी आहे. शिक्षेबाबत धनंजय दहा मिनिटं बोलला, वय, पहिला गुन्हा, कबुली, आधी भोगलेले दिवस. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं असं त्यानं मागितलं. न्यायाधीशांनी नीट ऐकून घेतलं.

“या न्यायालयाला आरोपीबद्दल सहानुभूती आहे,” ते म्हणाले. “परंतु तीन महिन्यांच्या आणि तीन लाखांच्या खाली येण्याचा अधिकार कायद्यानं मला ठेवलेला नाही. म्हणून किमान शिक्षा देत आहे.”

मागच्या बाकावरून मेघा उभी राहिली. ती उभी राहील हे तिलाही माहीत नव्हतं.

“मग तुम्ही तिथं बसून करता काय?” ती म्हणाली. आवाज सगळ्या खोलीत गेला. “माणूस समोर उभा आहे, दिसतोय तुम्हाला. कमी द्यावंसं वाटतं तर देता येत नाही. मग माणूस कशाला लागतो त्या खुर्चीवर? दरपत्रक टांगा की!”

पट्टेवाला तिच्याकडे धावला. न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी मेघाकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते थकल्यासारखे दिसले.

“बाई, बाहेर जाऊन बसा,” ते म्हणाले. “पुढचं प्रकरण घ्या.”

ती बाहेर आली. थोड्या वेळानं प्रफुल्ल आला. “मलेबी वाटलं नव्हतं मेघा, की खरंच जेल होईन,” तो म्हणाला. “मले वाटलं होतं, दंडावर सुटन.”

“तू विचारलं होतं का कोणाले?” मेघा म्हणाली. “मीबी नव्हतं विचारलं.” आणि ती त्याच्यापासून दूर जाऊन उभी राहिली.

धनंजयनं अपिलासाठी शिक्षा थांबवून घेतली, कागदांवर सह्या झाल्या. अण्णाजींचा सातबारा पुन्हा एकदा लागला. सगळं आटपायला दुपार उलटली. अपील किती दिवसांत चालेल असं अमरनं विचारलं, तेव्हा धनंजय म्हणाला, “दोन वर्षं. चारही लागतील.” अमर मनातल्या मनात काहीतरी मोजू लागला. भरतीच्या वयाची मर्यादा मोजत असावा. मग त्यानं मोजणं सोडून दिलं.

केळझरची बस निघून गेली होती. सुंदराबाई कोर्टाच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली पिशवी घेऊन बसली होती. मेघानं गाडी तिच्यासमोर आणून उभी केली आणि काच खाली केली.

“मावशी, चला. सोडून देतो.”

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं. डोळे आता स्वच्छ झाले होते, आणि त्यात मेघासाठी काही सवलत नव्हती.

“मघाशी अंदर ओरडली ते तूच होय?”

“हो.”

“दीड वर्ष उशीर केला.”

“हो, मावशी.”

सुंदराबाई उठली. पिशवी तिनं आधी आत ठेवली, मग मागच्या सीटवर बसली आणि दार जोरात आपटून लावलं.

“बसतो,” ती म्हणाली. “पण बोलजो नोको.”

अमर पुढे बसला. मेघानं गाडी सुरू केली. वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत तिघांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही.